मुलगी वसतिगृहात, पुतण्या एसटीवर: एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी-उपक्रमांचा चार वर्षांचा अनुभव

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात माझी मुलगी २०२२ ते २०२५ अशी तीन वर्षे बी.एस्सी.ला होती आणि २०२४पासून माझा पुतण्या तेथेच बी.ए.ला शिकतो आहे. मुलगी महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात राहिली. पुतण्या सत्तावीस किलोमीटरवरील गावातून रोज एसटीने अप-डाऊन करतो. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि मुलीच्या तिन्ही वर्षांत त्या महाविद्यालयाच्या पालक-शिक्षक संघाची सदस्य होते, त्यामुळे अध्यापनाबाहेरचे जे काही विद्यार्थ्यांसाठी चालते त्याचे अहवाल मला वाचायला मिळाले आणि त्या अहवालांमागचे प्रत्यक्षही जवळून पाहता आले. प्रवेशाच्या दिवसांत अनेक पालक मला विचारतात की, तेथे पोरांसाठी उपक्रम कसे आहेत. त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही, कारण यातील बहुतेक गोष्टी मराठवाड्यातील तालुक्याच्या ठिकाणच्या कोणत्याही महाविद्यालयाला थोड्याफार फरकाने लागू पडतील.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानांवर उपक्रमांची यादी आहे: राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो), कमवा व शिका, युवक महोत्सव, वाङ्मय मंडळ, स्पर्धा परीक्षा केंद्र, समुपदेशन कक्ष, क्रीडा विभाग आणि नव्या विद्यार्थ्यांसाठी स्वागत-परिचयाचा कार्यक्रम. ही यादी खोटी नाही. यातील प्रत्येक गोष्ट तेथे खरोखर होते, आणि एवढे म्हणणेही सगळ्या महाविद्यालयांच्या बाबतीत शक्य नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. या उपक्रमांनी मुलांमध्ये नेमका काय फरक पडला, आणि तो कोणत्या मुलांमध्ये पडला?

सुरुवात राष्ट्रीय सेवा योजनेपासून करते, कारण तेथे सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिची रचना आजही बरीचशी तशीच आहे: स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे एक विशेष शिबिर पूर्ण करायचे. एका एककात साधारण शंभर स्वयंसेवक असतात आणि त्यांपैकी निम्म्यांना शिबिराला नेले जाते. माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना जानेवारी २०२४मध्ये अशा शिबिराला गेली होती. ज्या गावात ते शिबिर झाले त्या गावच्या शाळेत मी पूर्वी सहा वर्षे नोकरी केली होती, त्यामुळे ते गाव मला गल्लीबोळांसह ठाऊक होते.

शिबिराचा दिवस पहाटेच्या प्रार्थनेने सुरू होई. मग चार तास श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, त्यानंतर घरोघरी सर्वेक्षण आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. त्या वर्षी श्रमदानाचा विषय शोषखड्डे हा होता. सांडपाणी गल्लीत न सोडता घराशेजारी जिरवण्याचे हे काम नांदेड जिल्ह्याने गावोगावी करून दाखवले आहे, त्यामुळे विषयाची निवड अगदी योग्य होती. अहवालात चौदा शोषखड्डे पूर्ण झाल्याची नोंद आहे, प्रत्येकाचे जिओटॅग केलेले छायाचित्र आहे, आणि सरपंचांचे आभारपत्रही जोडलेले आहे. महाविद्यालयाच्या दृष्टीने हा उपक्रम तेथे पूर्ण झाला.

मी ऑगस्ट २०२५मध्ये एका लग्नाच्या निमित्ताने त्या गावी गेले, तेव्हा पावसाची चांगली झड लागून गेली होती. चौदांपैकी नऊ खड्ड्यांच्या जागा मला सापडल्या आणि त्या नऊंपैकी चारांत पाणी व्यवस्थित जिरत होते. उरलेले तुंबले होते. दोन ठिकाणी घरच्यांनी पुन्हा पूर्वीसारखी मोरीची नाली गल्लीत काढली होती. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, जिरू देत नाही. खड्डा मुरमापर्यंत गेला तरच तो काम करतो, आणि गावाच्या खालच्या आळीत मुरूम खोल आहे. वरच्या आळीतले खड्डे मुरमात उतरले, म्हणून टिकले. दुसरे कारण असे की, खड्ड्यातील टाकीत साबणाचा व तेलाचा गाळ साचतो आणि तो अधूनमधून काढावा लागतो. हे ज्या घरांना नीट समजावून सांगितले होते त्यांनी तो काढला. ज्या घरी मुलांनी खड्डा खणला, छायाचित्र काढले आणि चहा घेऊन पुढे गेले, तेथे गाळाविषयी कोणालाच काही माहीत नव्हते.

चौदांपैकी चार हे फळ कमी आहे म्हणून शिबिर वाया गेले असे मी म्हणणार नाही. उलट हे शिबिर म्हणजे त्या महाविद्यालयाने माझ्या मुलीला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट होती असे माझे मत आहे. ती घरी आली तेव्हा तिच्या हाताला फोड होते आणि डोक्यात एक प्रश्न होता: वरच्या आळीत आणि खालच्या आळीत एवढा फरक का? तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने मातीत पाणी मुरण्याचा वेग हाच विषय घेतला, चार ठिकाणच्या मातीवर साध्या पत्र्याच्या नळकांड्यांनी मोजमाप केले आणि तोंडी परीक्षेत त्याची उत्तरे न अडखळता दिली. पहिल्या वर्षी वर्गात हजेरीशिवाय तोंड न उघडणारी ही मुलगी होती. हे फळ अहवालात कोठेही नाही, कारण अहवाल फेब्रुवारीत लिहून झाला होता आणि हा प्रकल्प पुढच्या वर्षी झाला.

येथेच त्या महाविद्यालयाच्या मूल्यमापनातील मुख्य उणीव दिसते. आम्हा शिक्षकांना सेवांतर्गत प्रशिक्षणात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडलेले मूल्यमापनाचे चार टप्पे शिकवले होते: सहभागी माणसाला कार्यक्रम कसा वाटला, तो त्यातून काय शिकला, त्याच्या वागण्यात पुढे काय बदल झाला, आणि त्याचा शेवटी परिणाम काय झाला. महाविद्यालयाच्या अभिप्राय-पत्रात फक्त पहिला टप्पा आहे. कार्यक्रम संपताच गुगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲप गटावर येते, भोजन, निवास, वक्ते आणि नियोजन यांना पाचपैकी गुण द्यायचे असतात, आणि प्रमाणपत्र हवे असेल तर फॉर्म भरावाच लागतो. प्रमाणपत्राच्या रांगेत उभा असलेला विद्यार्थी पाचपैकी पाचच देतो. कोणतेही मूल्यमापन करायचेच असेल तर ते सहा महिन्यांनी आणि एक वर्षाने व्हायला हवे. दत्तक गावात पुढच्या पावसाळ्यात एकदा जाऊन यायला एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि त्या एका दिवसात दहा विद्यार्थी जेवढे शिकतील तेवढे पहिल्या सात दिवसांतही कदाचित शिकले नसतील. ही सूचना मी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी दिली आहे. कार्यक्रम अधिकारी सरांनी ती मनापासून ऐकली, कारण अहवालाच्या फायलींत त्यांचा किती वेळ जातो हे त्यांनाच सर्वांत जास्त ठाऊक आहे.

फायलींचा हा भार त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेला नाही. नॅक, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था, हिच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थी सहाय्य व प्रगती हा आहे, आणि शिबिरासारख्या विस्तारकार्याची नोंद तिसऱ्या निकषात होते. दोन्हीकडे उपक्रमांची संख्या, सहभागी विद्यार्थ्यांची संख्या आणि त्यांचे पुरावे मागितले जातात. विद्यार्थी समाधान सर्वेक्षण दुसऱ्या निकषाखाली येते आणि त्यातले बहुतेक प्रश्न अध्यापनाविषयी असतात. त्यामुळे एखाद्या मुलीला शिबिरामुळे प्रश्न विचारण्याची हिंमत आली, ही गोष्ट लिहायला तक्त्यात जागाच उरत नाही. जे मोजले जाते तेच हळूहळू केले जाते. एका दिवसात तीन व्याख्याने घेऊन तीन उपक्रम नोंदवता येतात, पण तीन महिने चालणारा वाचनगट नोंदीत एकच उपक्रम ठरतो.

आता पुतण्याकडे वळते, कारण त्याच्यामुळे या सगळ्या व्यवस्थेची दुसरी बाजू मला दिसली. त्याच्या गावाकडे जाणारी शेवटची सोयीची बस पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते. त्यानंतर काळी-पिवळी मिळाली तर मिळते, पण तिचे भाडे पासावर चालत नाही आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. पहिल्या वर्षी मी त्याला दर महिन्याला विचारत असे की, महाविद्यालयात कशात भाग घेतलास. एकदा तो शांतपणे म्हणाला, “काकू, साडेचारनंतर जे काही असतं, ते आमच्यासाठी नसतंच.”

मी त्या दिवसापासून सूचनाफलकावरील वेळा लिहून ठेवू लागले. युवक महोत्सवाच्या तालमी सायंकाळी पाच ते आठ. वाङ्मय मंडळाच्या बैठका चार वाजता. खेळांचा सराव सकाळी सहाला. स्पर्धा परीक्षा केंद्रातील मार्गदर्शन सायंकाळी साडेपाचला. शिक्षकांच्या बाजूने पाहिले तर यात चूक नाही, कारण तासिका संपल्यावरच सभागृह आणि माणसे मोकळी होतात. तथापि आमच्या भागातील महाविद्यालयांत खेड्यांतून ये-जा करणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि उपक्रमांची वेळ ठरवताना बसस्थानकाचे वेळापत्रक समोर नसेल तर ते सर्व विद्यार्थी न सांगता वगळले जातात. पहिल्या वर्षाच्या अखेरीस पुतण्याच्या नावावर एकही उपक्रम नव्हता. तो आळशी नव्हता. तो गावच्या हरिनाम सप्ताहात पखवाज वाजवतो आणि वयाने दुप्पट असलेल्या टाळकऱ्यांना सांभाळून घेतो.

विद्यार्थी-उपक्रमांच्या परिणामांविषयी जगभर जे वाचले जाते, त्यातील बरेचसे लेखन वसतिगृहांच्या महाविद्यालयांवर आधारलेले आहे. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली असे मांडले की, विद्यार्थी महाविद्यालयाच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात जितका मिसळतो तितकी तो शिक्षण अर्धवट सोडण्याची शक्यता कमी होते. त्यावर पुढे असा आक्षेप घेतला गेला की, रोज घरून ये-जा करणाऱ्या, नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ही मांडणी जशीच्या तशी लागू होत नाही. माझ्या घरातील दोन मुले या दोन बाजूंची आहेत. मुलीचे मिसळणे वसतिगृहाच्या जेवणाच्या पंगतीत आपोआप झाले. पुतण्याचे महाविद्यालय मात्र सकाळी दहा ते साडेचार एवढेच आहे, आणि त्याचे मित्रमंडळ एसटीच्या मागच्या बाकांवर जमले.

अलेक्झांडर ॲस्टिन या अमेरिकी अभ्यासकांची एक साधी चौकट मला येथे फार उपयोगाची वाटते. विद्यार्थी प्रवेश घेताना कसा होता, मधल्या काळात त्याला कसले वातावरण मिळाले, आणि बाहेर पडताना तो कसा झाला, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय वातावरणाचे श्रेय ठरवता येत नाही, असे ते सांगतात. आमच्या महाविद्यालयात वक्तृत्वाचे पारितोषिक मिळवणारा विद्यार्थी बहुधा शाळेपासूनच वक्तृत्व करत आलेला असतो. त्याच्या चषकाचे छायाचित्र वार्षिक अंकात येते आणि तो उपक्रमाचे यश मानला जातो. त्या मुलाचे कौतुक व्हायलाच हवे, पण त्याच्यात महाविद्यालयाने काय भर घातली हे त्या चषकावरून कळत नाही. पहिल्यांदा व्यासपीठावर चढलेली, चार वाक्ये बोलून खाली उतरलेली मुलगी पुढच्या वर्षी आठ वाक्ये बोलली का, हे कोणी तरी लिहून ठेवायला हवे.

पुतण्याच्या दुसऱ्या वर्षी एक चांगली गोष्ट घडली आणि तिचे श्रेय मराठी विभागातील एका मॅडमना आहे. त्यांनी महोत्सवासाठी भारूड बसवायचे ठरवले आणि तालीम सायंकाळऐवजी दुपारी साडेबारा ते दोन या मधल्या वेळेत ठेवली. पैठणच्या एकनाथ महाराजांचे भारूड आमच्या भागातील मुलांना शिकवावे लागत नाही, ते त्यांच्या कानांवर लहानपणापासून असते. पखवाज कोण वाजवतो म्हणून वर्गात विचारल्यावर पुतण्याने हात वर केला. महोत्सवाची तयारी आणि सोयाबीनची काढणी आमच्याकडे बहुधा एकाच सुमारास येतात. त्यामुळे मधले पाच दिवस तो शेतात होता. तेव्हा मॅडमनी त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला घेतले नाही, तर त्याचे ठेके मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतले आणि बाकीच्यांची तालीम त्यावर चालू ठेवली. त्यांच्या भारुडाला पारितोषिक मिळाले नाही. मात्र आधी आठवड्यातून दोन दिवस दांडी मारणारा हा मुलगा त्या सत्रात जवळजवळ रोज महाविद्यालयात गेला, आणि तालीम संपल्यावर दोनची तासिकाही बसून ऐकू लागला. उपक्रमाचा परिणाम मोजायचा असेल तर हजेरीपट हे प्रत्येक महाविद्यालयात तयार असलेले साधन आहे. तालमीच्या आधीची आणि नंतरची हजेरी शेजारी शेजारी ठेवली की पुरे.

कमवा व शिका योजनेविषयी माझे मत अतिशय चांगले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या परंपरेतून महाराष्ट्रभर रुजलेली ही कल्पना या महाविद्यालयात प्रामाणिकपणे राबवली जाते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग आणि कार्यालय येथे मुले रोज ठरावीक तास काम करतात आणि तासांप्रमाणे मानधन बँक खात्यात येते. ते कधी कधी दोन-तीन महिने उशिरा येते, आणि ज्या मुलीची खानावळ त्यावर चालते तिच्यासाठी हा उशीर लहान नाही. ग्रंथालयातील काम मिळालेल्या मुलांना त्याहून मोठा लाभ होतो. माझ्या मुलीची खोलीतील मैत्रीण दोन वर्षे तेथे पुस्तके लावत होती आणि आज ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाला आहे. बागेचे काम मिळालेल्यांना असा लाभ मिळत नाही, म्हणून दर सत्राला कामाची अदलाबदल व्हावी असे मला वाटते.

स्पर्धा परीक्षा केंद्रासाठी जागा, पुस्तके आणि शांतता आहे. अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी असते आणि वसतिगृहातील व गावातील मुलांना तिचा मोठा आधार आहे. निवड झालेल्यांचे अभिनंदन-फलक दारावर लागतात. निवड न झालेली मुले चार-पाच वर्षांनी काय करतात याची नोंद ठेवली जात नाही. केंद्राची खरी जबाबदारी तेथूनच सुरू होते असे मी मानते. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे, तरी केंद्रात अजून बहुपर्यायी प्रश्नसंचांवरच भर आहे. हे लवकर बदलायला हवे.

नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचा कार्यक्रम दोन तासांत उरकला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘दीक्षारंभ’ या नावाने आखून दिलेली कल्पना यापेक्षा कितीतरी मोठी आहे. पुतण्याला त्या दोन तासांतून काय लक्षात राहिले असे विचारले तेव्हा त्याला फक्त गणवेशाचा रंग आठवत होता.

समुपदेशन कक्षाविषयी मी सांभाळून लिहिते. कक्षाच्या दारावर पाटी आहे, सूचनाफलकावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळकपणे लावलेला आहे, आणि आठवड्यातून एक दिवस समुपदेशक येतात. नोंदवहीत नावे फार थोडी आहेत, आणि संख्या कमी म्हणून कक्ष निरुपयोगी असा निष्कर्ष एका बैठकीत निघू पाहत होता. मला तो मान्य नव्हता. कक्ष कार्यालयासमोरच्या व्हरांड्यात आहे. तेथे शिरणारी मुलगी साऱ्या महाविद्यालयाला दिसते, आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी तिच्या गावी पोहोचते. वसतिगृहाच्या अधीक्षिका मॅडम रात्री खोल्यांवर फेरी मारताना ज्या गोष्टी ऐकून घेतात, त्या कोणत्याही नोंदवहीत येत नाहीत. माझ्या मुलीच्या पहिल्या सत्रात, घरची आठवण आणि इंग्रजी माध्यमातील तासिका या दोन्हींनी ती खचली होती, तेव्हा तिला याच मॅडमनी धीर दिला. अशा कक्षाचे यश भेटींच्या संख्येवर जोखणे धोक्याचे आहे. कक्षाची जागा बदलावी अशी लेखी मागणी मी आणि आणखी दोन पालकांनी केली, आणि जून २०२५पासून तो ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला हलवला गेला आहे. त्यासाठी मी प्राचार्यांचे मनापासून आभार मानते.

उपक्रमांच्या यादीत नसलेल्या एका सोयीचा उल्लेख मला करायलाच हवा. मुलींची कॉमन रूम सकाळी साडेसातला उघडते. दूरच्या गावांतील मुलींना सोयीची बस पहाटेची असल्यामुळे त्या पावणेआठलाच पोहोचतात आणि त्यांची पहिली तासिका दहाला असते. पूर्वी हे दोन तास त्या बसस्थानकावर काढत. आता त्या खोलीत पंखा आहे, पिण्याचे पाणी आहे, स्वच्छ स्वच्छतागृह आहे आणि कुलूप उघडणाऱ्या सेविका मावशी कधी चुकत नाहीत. तेथे बसून मुली अभ्यास करतात, एकमेकींच्या वह्या उतरवतात, डबा खातात. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाले आणि पास संपल्यावरही मुलींचे येणे थांबेनासे झाले. या खोलीने त्यांना आल्यावर बसायला हक्काची जागा दिली. चार वर्षांत मी पाहिलेल्या सर्व गोष्टींत सर्वाधिक मुलींना रोज उपयोगी पडलेली गोष्ट हीच, आणि तिच्यावर एक पानाचाही अहवाल नाही.

ऊसतोडीचा विषय वगळून आमच्या जिल्ह्यातील कोणत्याही विद्यार्थी-उपक्रमाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. दिवाळीच्या आगेमागे अनेक घरांतील आई-वडील कारखान्यांवर जातात ते थेट मार्चच्या सुमारास परततात. मागे राहिलेली महाविद्यालयीन मुलगी आजी-आजोबांचे आणि लहान भावंडांचे सगळे करते. विशेष शिबिर जानेवारीत असते, आणि सात रात्री घराबाहेर राहणे तिला कसे शक्य होणार? मुलीच्या वर्गातील अशा दोघींनी पूर्ण दोन वर्षे रासेयोचे नियमित काम केले, पण शिबिर झाले नाही म्हणून त्यांना प्रमाणपत्र मिळाले नाही. नियम केंद्रस्तरावरचा आहे, महाविद्यालय तो बदलू शकत नाही हे मला कळते. तथापि शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वी किती मुली या कारणाने येऊ शकणार नाहीत याची साधी यादी करता येते. ऊसतोडीला निघण्याआधी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिबिर घेता येईल का, याचा विचारही त्या यादीवरून करता येतो. आले किती, याची नोंद सगळीकडे असते. कोण आले नाही आणि का आले नाही, याची नोंद मला चार वर्षांत एकदाही पाहायला मिळाली नाही.

२०२४-२५पासून नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत लागू झाले आणि रासेयो, क्रीडा, सांस्कृतिक कार्य यांसारख्या सहअभ्यासक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले. पुतण्याची तुकडी त्यातलीच आहे. उपक्रमांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले, त्यांच्या वेळा तासिकांच्या वेळापत्रकात येऊ लागल्या, आणि ये-जा करणाऱ्या मुलांसाठी हा फार मोठा लाभ आहे. त्याचबरोबर यापुढे कागदावरचा सहभाग शंभर टक्के दिसेल, त्यामुळे सहभागाची संख्या हे परिणामकारकतेचे माप म्हणून पूर्वीइतकेही उपयोगाचे राहणार नाही. श्रेयांकासाठी आलेला आणि आवडीने आलेला विद्यार्थी यांतला फरक आता शिक्षकांनाच मुलांशी बोलून ओळखावा लागेल. त्यासाठी एका शिक्षकाकडे किती मुले आहेत हा प्रश्न निर्णायक ठरेल. आज तेथे रिक्त जागांमुळे एकेका शिक्षकाकडे तीन-तीन समित्या आहेत.

गुण द्यायचेच झाले तर पाचपैकी मी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी चार देईन, आणि एसटीने येणाऱ्यासाठी अडीच. दुपारच्या वेळेत तालमी आणि मंडळांच्या बैठका कायमच्या आणल्या, तर दुसरा आकडा वर्षभरात साडेतीनपर्यंत जाईल असे मला वाटते, कारण तेथील शिक्षकांत आस्था आहे आणि ती मी वारंवार पाहिली आहे.

यंदा तेथे प्रवेश घेणाऱ्या पालकांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. रासेयोच्या एककातील जागा मर्यादित असतात आणि नावनोंदणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच भरते, म्हणून अर्ज प्रवेशाच्या दिवशीच मागून घ्यावा. कमवा व शिकासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तहसीलमध्ये तो जूनअखेरीस मिळणे कठीण जाते, म्हणून निकालाची वाट न पाहता तो आधीच काढून ठेवावा. मुलगी ये-जा करणार असेल तर कॉमन रूमच्या सेविका मावशींशी तिची पहिल्याच दिवशी ओळख करून द्यावी. आणि पालक-शिक्षक संघाची बैठक सहसा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अकरा वाजता होते, तिला जमेल तेव्हा जावे. तेथे खुर्च्या बहुतेक रिकाम्या असतात, पण बोललेले ऐकले जाते.